मंगळावरचे ग्रहण आणि दोघी जणी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर एखादा लेख असावा असे ठरले, तेव्हा गडकिल्ले आणि राण्या हे विषय भराभर वाटले गेले. माझ्या वाट्यास उरले ते आकाश. ग्रहणाचा इतिहास, आणि तोही मंगळावरच्या ग्रहणाचा, मी लिहिणार असे म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. त्यांच्या हसण्याचा मला राग नाही. परंतु ग्रहणाचा जाच घरात जिला सर्वांत जास्त, तिने त्याचा इतिहास लिहू नये, तर मग कोणी लिहावा?

२२ जुलै २००९ रोजी आषाढी अमावास्या होती, म्हणजे आपल्याकडची जिवती. त्या दिवशी पहाटेपासून सकाळी साडेसातच्या सुमारापर्यंत सूर्यग्रहण होते. मला सातवा महिना होता. खिडकीवर गोधडी टाकलेली, दाराच्या फटीत फडके कोंबलेले, पोटावर गेरूचा पट्टा, आणि मी सतरंजीवर सरळ उताणी. कूस बदलावयाची नाही, पाण्याचा घोट घ्यावयाचा नाही, सुई-सुरीला हात लावावयाचा नाही. लावला तर म्हणे बाळाचा ओठ फाटतो. दोन तास मी आढ्याच्या फाट्या मोजीत पडले होते. भीती वाटत होती हे खरे, पण भीतीपेक्षा चुटपुट अधिक होती. बाहेर एवढे काय घडते आहे की जे सगळ्या गावाने अंगणात उभे राहून पाहावे आणि मी मात्र पाहू नये? मागून कळले की बाहेर आभाळ भरून आले होते, आणि कोणालाच काही दिसले नव्हते.

पोटातली तीच मुलगी पुढे एप्रिल २०२२ मध्ये, सातवीत असताना, मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, हे बघ मंगळावरचे ग्रहण." मी हात पुसून पाहिले. माझी शाळा सातवीत सुटली, आणि तिच्या सातवीत माझी पुन्हा सुरू झाली असे म्हटले तरी चालेल. त्या दिवसापासून शाळेच्या गुरुजींना विचारून, मुलीकडून वाचवून घेऊन जे जमविले, ते येथे मांडीत आहे.

त्या चित्रात जे होते ते असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या 'पर्सिव्हिअरन्स' नावाच्या सहा चाकी गाडीने २ एप्रिल २०२२ रोजी आपला कॅमेरा सूर्याकडे वळविला. कॅमेऱ्यापुढे काळी काच होती, आपण ग्रहणाचा चष्मा लावतो तशी. सूर्याची तबकडी दिसत होती, वर डागही होते. एवढ्यात एका बाजूने एक ओबडधोबड काळा गोळा आत शिरला, बटाट्यासारखा, कुठे फुगलेला, कुठे दबलेला. तो सूर्यावरून झपाट्याने सरकत गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. सारा खेळ चाळीस सेकंदांहून थोडा अधिक. आपल्याकडे तेवढ्या वेळात दुधाला उकळीही येत नाही.

तो गोळा म्हणजे मंगळाचा चंद्र. मंगळाला दोन चंद्र आहेत. जवळच्याचे नाव फोबोस, दूरच्याचे डिमोस. ग्रीक लोकांच्या पुराणात युद्धदेवाबरोबर भय आणि दहशत हे दोघे असतात, त्यांची ही नावे. नावे भयंकर असली तरी चंद्र अगदी लहान. फोबोस लांबीला सुमारे २७ किलोमीटर. आपण साकोलीहून मोटारीत बसून लाखनी ओलांडली आणि थोडे पुढे गेलो की फोबोस संपला. डिमोस तर त्याच्याही निम्मा. आपल्या चंद्राची रुंदी ३४७४ किलोमीटर आहे, यावरून कल्पना करावी.

आता एवढ्याशा चंद्राने सूर्य झाकतो कसा? याचे उत्तर असे की झाकत नाहीच. फोबोस मंगळाच्या जमिनीपासून सुमारे सहा हजार किलोमीटर उंचीवरून फिरतो. आपला चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. जवळ असल्यामुळे फोबोस लहान असूनही डोळ्याला बराच मोठा दिसतो. मंगळ सूर्यापासून आपल्यापेक्षा लांब, म्हणून तेथून सूर्य आपल्याला दिसतो त्याच्या दोनतृतीयांश एवढाच दिसतो. तरीही फोबोस त्याच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग झाकतो, त्यापलीकडे नाही. म्हणजे मंगळावर खग्रास ग्रहण नाही. फोबोस नेमका मधोमध आला तर भोवती उजेडाचे वेडेवाकडे कडे उरते. डिमोसची गोष्ट त्याहून गंमतीची. तो सूर्यावरून जातो तेव्हा एक काळा ठिपका हळूहळू सरकतो, जास्तीत जास्त दोनेक मिनिटे. तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावावी तसा तो दिसतो. शास्त्रज्ञ अशा लहान ग्रहणाला ग्रहण न म्हणता अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी शुक्राचा ठिपका सूर्यावरून गेलेला आपल्या देशातून दिसला, तेही अधिक्रमणच.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. फोबोसची मंगळाभोवतीची फेरी अवघ्या ७ तास ३९ मिनिटांत पुरी होते, आणि मंगळाचा दिवस आपल्याएवढाच, साडेचोवीस तासांहून थोडा मोठा. त्यामुळे फोबोस पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, आणि एका दिवसात त्याच्या तीन अमावास्या होतात. आपण तेथे राहत असतो तर उपास करून करून हाडांची काडे झाली असती! मात्र दर अमावास्येस ग्रहण नाही. मंगळाचा आस कललेला आहे, त्यामुळे फोबोसची सावली ऋतूप्रमाणे उत्तरेस दक्षिणेस सरकते आणि एखाद्या ठिकाणावर वर्षाच्या ठराविक दिवसांतच पडते.

आता इतिहास.

मंगळाला चंद्र असावेत असा तर्क जुना आहे. गलिव्हरच्या प्रवासाची गोष्ट आपल्यापैकी काहींनी शाळेत वाचली असेल. १७२६ सालच्या त्या इंग्रजी पुस्तकात एका उडत्या बेटावरच्या ज्योतिषांना मंगळाचे दोन चंद्र ठाऊक आहेत असे लिहिले आहे, आणि ते चंद्र कोणी डोळ्यांनी पाहण्यापूर्वी दीडशे वर्षे. तो निव्वळ लेखकाचा तर्क. खरे चंद्र सापडले ते ऑगस्ट १८७७ मध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरातल्या आरमाराच्या वेधशाळेत, आसाफ हॉल नावाच्या ज्योतिर्विदाला. परंतु पुस्तकांतून एवढे वाक्य वाचून आपण पान उलटतो, आणि हॉलसाहेबांच्या घरात कोण होते ते राहूनच जाते.

त्यांच्या पत्नीचे नाव अँजेलिना. माहेरचे आडनाव स्टिकनी. जन्म १८३० सालचा, न्यूयॉर्क प्रांतातला. मुलींना आणि काळ्या लोकांना प्रवेश देणारे एक कॉलेज त्या काळी तेथे होते, त्यात ती शिकली आणि मग तेथेच गणित शिकवू लागली. आसाफ हॉल हा सुतारकाम करणारा तरुण, वयाने तिच्याहून वर्षाने मोठा, तो तेथे विद्यार्थी म्हणून आला. तो आणि त्याचे सोबती बाईंना अडविण्यासाठी मुद्दाम अवघड गणिते तयार करीत आणि बाई ती सोडवून टाकीत. १८५६ साली या दोघांचे लग्न झाले. हरलेल्या विद्यार्थ्याने शेवटी मास्तरणीशीच लग्न केले, असे माझी मुलगी म्हणते.

पुढे हॉलसाहेब वेधशाळेत नोकरीला लागले. अँजेलिनाबाई त्यांना आकडेमोड करून देत. एकदा बाईंनी म्हटले की या कामाचा पुरुषाला जो पगार मिळतो तो मला मिळावा. हॉलसाहेब नाही म्हणाले. तेव्हा बाईंनी आकडेमोड सोडून दिली. कज्जा नाही, रडारड नाही, काम बंद. ही हकीकत मी वाचली तेव्हा दळण घेऊन गिरणीच्या ओळीत उभी होते, आणि मला एकटीलाच हसू आले. चार मुलगे बाईंनी घरीच शिकविले, आणि ते चौघेही हार्वर्ड या नामांकित विद्यापीठात गेले.

असो. १८७७ च्या उन्हाळ्यात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. हॉलसाहेबांच्या हाती २६ इंच रुंदीच्या भिंगाची दुर्बीण होती, त्या प्रकारची तेव्हाची जगातली सर्वांत मोठी. ऑगस्टच्या सुरुवातीपासून ते मंगळाच्या आसपास चंद्र धुंडाळीत होते. मंगळाचा उजेड डोळ्यात भरतो, त्याच्या कडेला काही दिसत नाही. काही रात्री गेल्यावर ते कंटाळले आणि शोध सोडून देण्याच्या बेतात आले. तेव्हा बाईंनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे धाडले. ११ ऑगस्टच्या रात्री त्यांना एक अंधुक ठिपका दिसला, आणि लगेच नदीवरून धुके आले. वेधशाळा पोटोमॅक नदीच्या काठीच होती. पुढच्या काही रात्री ढगांत गेल्या. १६ तारखेस तो ठिपका पुन्हा सापडला, तो डिमोस. १७ च्या रात्री आतला चंद्र दिसला, तो फोबोस. बायकोने धीर दिला नसता तर आपण शोध सोडला असता, असे हॉलसाहेबांनी स्वतः पुढे कबूल केले. पगाराच्या वेळी जी माणुसकी सुचली नाही ती येथे सुचली, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

अँजेलिनाबाई १८९२ साली वारल्या. त्यांच्या एका मुलाने १९०८ साली त्यांचे चरित्र लिहून छापले.

दुसरी बाई आपल्या विदर्भात येऊन गेलेली आहे, म्हणून तिची ओळख करून देण्यास मला अधिक आनंद होतो. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येस, भर दुपारी सूर्याला खग्रास ग्रहण लागले. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ चढली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि पुढे ईशान्येकडे शहाडोल-बक्सरकडे गेली. आपली साकोली त्या पट्ट्याच्या थोडी दक्षिणेस राहिली, म्हणून आपल्या पणज्यांना खग्रास नव्हे, पण फार मोठे खंडग्रास ग्रहण अनुभवास आले असणार. विजयदुर्गावर लॉकियर नावाचे प्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ दुर्बिणी मांडून बसले होते. तेथील ओट्यांना लोक अजून साहेबाचे ओटे म्हणतात. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ दिला होता. परदेशी मंडळींच्या बरोबरीने एक आपला माणूस आपल्या उपकरणांनी सूर्याचा प्रकाश तपासत होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यावयास हवी होती. पुलगावलाही इंग्रज शास्त्रज्ञांचा एक तळ होता. आणि पुलगावच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडल्यावर, रेल्वेचे तळणी नावाचे लहानसे स्टेशन आहे. तेथे जो तळ पडला त्यात ॲनी मौंडर ही बाई होती.

ॲनीबाईंचा जन्म १८६८ चा, आयर्लंडातला. केंब्रिजला मुलींच्या कॉलेजात राहून त्यांनी गणिताची परीक्षा चांगल्या रीतीने उतरली, पण त्या काळी त्या विद्यापीठात बायकांना परीक्षा देऊ देत आणि पदवी देत नसत. १८९१ साली त्या ग्रिनिचच्या सरकारी वेधशाळेत नोकरीला लागल्या. महिना चार पौंड पगार, आणि हुद्दा 'लेडी कॉम्प्युटर'. त्या वेळी कॉम्प्युटर हे यंत्राचे नाव नव्हते, आकडेमोड करणाऱ्या माणसाचे होते. सूर्याचे रोज फोटो घ्यावयाचे आणि त्यावरचे डाग मोजावयाचे हे त्यांचे काम. १८९५ च्या अखेरीस त्यांनी त्याच खात्यातले वॉल्टर मौंडर यांच्याशी लग्न केले. मौंडरसाहेब बिजवर, पदरी पाच मुले. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरी करावयाची नाही असा तेथे नियम होता, त्याप्रमाणे बाईंची नोकरी गेली. साहेबांची राहिली, हे सांगावयास नकोच.

बाई घरी बसल्या नाहीत. आपल्या जुन्या कॉलेजाकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक लहानसा कॅमेरा तयार करविला, भिंग अवघे दीड इंचाचे. तो घेऊन त्या समुद्र ओलांडून मुंबईस आणि तेथून रेल्वेने तळणीस आल्या. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ होती ते हे दिवस. खग्रास स्थिती टिकते सुमारे दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी एवढा प्रवास, एवढे सामान, आणि नेमका त्याच क्षणी ढग आला तर सगळे फुकट. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत त्यांच्यावर तशी पाळी आली होती. तळणीचे आकाश मात्र स्वच्छ राहिले. चंद्राने सूर्य पुरता झाकला की त्याच्याभोवती मोत्यासारखा उजेड दिसतो, त्याला प्रभामंडल म्हणतात. ॲनीबाईंच्या लहान कॅमेऱ्याने त्या उजेडाचा एक झोत टिपला, तो सूर्याच्या रुंदीच्या कित्येक पट लांब गेला होता. तोपर्यंत एवढा लांब झोत कोणाच्याही फोटोत आला नव्हता. मोठ्या भिंगाच्या साहेब लोकांना जे साधले नाही ते दीड इंचाच्या भिंगाला साधले. मी कधी नागपूरकडून रेल्वेने पुढे गेले तर तळणीला गाडी थांबो न थांबो, खिडकीशी बसणार आहे.

लंडनच्या ज्योतिर्विदांच्या संस्थेने १८९२ साली ॲनीबाईंना सभासद करून घेण्यास नकार दिला होता. १९१६ साली करून घेतले. १९०८ साली नवराबायकोच्या नावाने आकाशावरचे एक पुस्तक निघाले, त्यावर बाईंचे नाव आधी आहे, आणि हे बहुतेक सारे काम माझ्या पत्नीचे आहे असे मौंडरसाहेबांनी त्यात सांगितले. हॉलसाहेबांशी तुलना आपोआप होते, मी करीत नाही.

हेच मौंडरसाहेब मंगळाच्या कथेतही येतात. मंगळावर सरळ रेषांचे कालवे आहेत, ते तेथल्या शहाण्या लोकांनी खोदले आहेत, असा तेव्हा गाजावाजा होता. मौंडरसाहेबांनी १९०३ साली एका शाळेतल्या मुलांपुढे नुसते ठिपके आणि डाग काढलेले चित्र दूर टांगले आणि तसेच काढावयास सांगितले. लांब बसलेल्या मुलांनी चक्क रेषा काढल्या. डोळा तुटक ठिपके जोडून रेषा करतो, एवढाच त्या कालव्यांचा अर्थ.

फोबोसच्या बाबतीतही असेच एक कुभांड उठले होते. १९४५ साली अमेरिकेत शार्पलेस या शास्त्रज्ञाने जुन्या-नव्या नोंदी ताडून दाखविले की फोबोस आपल्या ठरल्या वेळेच्या पुढे धावतो आहे, म्हणजेच तो हळूहळू मंगळाकडे ओढला जात आहे. त्यावरून श्क्लोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तर्क लढविला की हा चंद्र आतून पोकळ असावा, कदाचित कोणी बनवून सोडलेला! १९७१ साली 'मरिनर ९' हे यान मंगळाभोवती फिरू लागले, त्याने जवळून फोटो घेतले आणि पोकळ वगैरे काही निघाले नाही. खड्डे पडलेला दगडच तो. त्यावरचे सर्वांत मोठे विवर सुमारे नऊ किलोमीटर रुंद आहे. १९७३ साली त्याला नाव दिले गेले: स्टिकनी. हॉल नव्हे. अँजेलिनाबाईंचे माहेरचे आडनाव. हॉल नावाचे विवरही फोबोसवर आहे, पण ते आकाराने लहान आहे.

आपल्या देशाचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले. १ जुलै २०२० रोजी त्याने फोबोसचा फोटो घेतला, तेव्हा ते त्याच्यापासून सुमारे ४२०० किलोमीटर अंतरावर होते. त्या फोटोत स्टिकनीचे विवर दिसते. श्क्लोव्स्कीच्या नावाचेही दिसते. म्हणजे तर्क चुकला तरी नाव राहिले. २०२२ साली मंगळयानाशी संपर्क तुटला, पण हा फोटो आपल्यापाशी आहे.

मंगळाच्या जमिनीवरून त्या चंद्रांना सूर्यासमोरून जाताना पहिल्यांदा टिपले ते मार्च २००४ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' या गाडीने, दोन्ही चंद्रांना. २० ऑगस्ट २०१३ रोजी 'क्युरिऑसिटी' या गाडीने फोबोसला जवळजवळ मधोमध पकडले. तीन-तीन सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत काळ्या बटाट्याभोवती उजेडाचे कडे स्पष्ट आहे. २०१९ साली तेथे 'इनसाइट' नावाचे एक यान जमिनीचे हादरे मोजीत बसले होते. फोबोसची सावली त्याच्यावरून गेली तेव्हा जमीन क्षणभर थंड झाली आणि त्या यंत्राला आपल्या बुडाखालची जमीन तिळाहूनही कमी कलल्याचे कळले. अर्ध्या मिनिटाच्या सावलीची एवढी दखल. आणि त्या सावलीने कोणाचे वाईट झाले नाही, कारण तेथे होते फक्त यंत्र.

हे सारे कौतुकासाठीच चालते असे नाही. चंद्र सूर्याच्या कडेला नेमका केव्हा टेकला हे सेकंदापर्यंत कळले की तो कुठे आहे ते कळते, आणि गणिताने काढलेल्या वेळेशी फरक पडला तर गणित दुरुस्त करावे लागते. २००४ च्या अधिक्रमणांत थोडा फरक निघालाच. ही रीत आपल्याला नवी नाही. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात आपल्या जुन्या पंचांगांतली ग्रहणे आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा केरूनाना छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची नवी कोष्टके छापली आणि १८६५ पासून त्यांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रहण ही ज्योतिषाची परीक्षा असते, आणि ज्योतिषाने ती द्यावी. गरोदर बाईला अंधारात निजवून ती परीक्षा पास होत नाही.

अशा मोजण्यांवरून आता एवढे ठरले आहे की फोबोस शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर, म्हणजे एका उंच माणसाएवढा, मंगळाच्या जवळ येतो. तीन ते पाच कोटी वर्षांत तो मंगळावर आदळेल किंवा त्याचे तुकडे होऊन मंगळाभोवती कडे बनेल. आपला चंद्र उलट दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. तो असाच जात राहिला की सुमारे साठ कोटी वर्षांनी आपल्याकडेही खग्रास ग्रहण होणार नाही, कारण चंद्र सूर्य झाकण्यास अपुरा पडेल. आज सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आणि ४०० पट दूर आहे, म्हणून दोघे आकाशात सारखे दिसतात. हा योग मंगळावर नाही. आणि आपण त्या वेळी खिडकीवर गोधडी टाकतो!

ओठ फाटण्याविषयी मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या की त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. कधी ते घराण्यातून येते, कधी पहिल्या महिन्यांत आईला फोलिक ॲसिड मिळत नाही, कधी काही औषधांमुळे. ओठ घडतो तो दुसऱ्या महिन्यात. म्हणजे मी सातव्या महिन्यात सुरी हातात घेतली असती काय किंवा नसती काय, बाळाच्या ओठाचे जे व्हावयाचे ते केव्हाच होऊन गेले होते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे मात्र खरोखर वाईट, त्याने डोळ्याचा पडदा जळतो, आणि ते बाई, पुरुष, गरोदर, बाळ सर्वांना सारखेच.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा सूर्यग्रहण आले. आपल्याकडे सुरू झाले पाचच्या सुमारास आणि सूर्य ग्रहणातच मावळला; पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. दिवाळीचे दिवस, बुंदीचा झारा हाताशीच होता. मी ओसरीत सूर्याकडे पाठ करून उभी राहिले आणि मावळतीच्या उन्हात झारा धरला. समोरच्या भिंतीवर झाऱ्याच्या जेवढ्या भोकांतून ऊन गेले तेवढे लहान लहान सूर्य पडले, आणि प्रत्येकाचा एकेक कोपरा उंदराने भाकर कुरतडावी तसा गेलेला. मुलगी वहीत दर पाच मिनिटांनी त्याचे चित्र काढीत होती. शेजारची सून, तिला तेव्हा सहावा महिना, दारात येऊन घुटमळली. मी तिला ये म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. ती आपणच आली, भिंतीजवळ बसली आणि एका सूर्यावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, एवढंच असते काय हो?"

आतून सासूबाईंनी हाक दिली, "ग्रहण सुटल्यावर तो झारा चिंचेने घासून ठेव बरं."

झारा घासून ठेवला.